नको असलेले केस

(छत्रपती संभाजीनगर. एका खासगी दवाखान्यातली खोली. दुपार कललेली. यमुनाबाई खाटेवर, शेजारी स्टुलावर त्यांची नात हिमानी.)

हिमानी: पण आजी, डोक्याचे नाही गं काढायचे. उजव्या पायाचे फक्त. मांडीपासून घोट्यापर्यंत. किती वेळ लागतो त्याला?

यमुनाबाई: पायाला केस नसतात. केस डोक्याला. पायाला लव असते.

हिमानी: बरं, लव. ती लव काढल्याशिवाय उद्या गुडघ्याचं ऑपरेशन होत नाही. सिस्टर दोनदा येऊन परत गेल्या. डॉक्टर राउंडला यायच्या आत झालं नाही तर उद्याच्या यादीतून तुझं नाव काढतील, असं स्पष्ट सांगून गेल्यात.

यमुनाबाई: काढू देत. इतके दिवस लंगडले, अजून लंगडीन.

हिमानी: आता नुसतं लंगडणं राहिलंय का? दिवाळीत पडलीस तेव्हा आजोबा उचलायला धावले आणि त्यांनाच धाप लागली. तुम्हा दोघांना उचलता उचलता आईची आणि माझी काय गत झाली...

यमुनाबाई: ह्यांचं नाव इथं काढू नकोस.

हिमानी: का?

यमुनाबाई: काढू नकोस म्हटलं ना. आणि त्या ट्रेमध्ये तिनं जे ठेवलंय ते आधी झाक.

हिमानी: घे, टॉवेल टाकला. साधा रेझर आहे गं. क्रीम चालणार नाही म्हणाल्या, पुरळ उठलं तर डॉक्टर पायाला हात लावणार नाहीत. माझ्या मैत्रिणीकडे ट्रिमर आहे, तो मागवू का?

यमुनाबाई: पातं ते पातंच. त्याला वायर लावली म्हणून काय झालं.

हिमानी: कापेल म्हणून घाबरतेस का? मग मी करते. घरच्यांनी केलं तरी चालेल म्हणाल्यात सिस्टर, त्या नंतर येऊन बघतील. मला सवय आहे, माझे मीच करते.

यमुनाबाई: ठाऊक आहे मला. बाथरूमचं दार लावून बादल्यांवर बादल्या घालवत असतेस. कुणी काढलं गं हे खूळ? आमच्या वेळी नव्हतं.

हिमानी: अमेरिकेतून आलं. कॉलेजात मी ह्यावर बोलले होते, सगळा वर्ग हसत होता. शंभर वर्षांपूर्वी तिकडच्या बायकांच्या झग्यांच्या बाह्या गेल्या. एका वस्तऱ्याच्या कंपनीच्या डोक्यात आलं, नुसत्या पुरुषांच्या दाढीवर धंदा कुठवर वाढणार? मग मासिकांतून जाहिराती. काखेत केस असणं म्हणजे लाजिरवाणं. पुढं झगे आखूड झाले, पाय दिसायला लागले, तर पायांचेही लाजिरवाणे.

यमुनाबाई: त्याआधी लाज नव्हती?

हिमानी: त्याआधी पायच दिसत नव्हते. आणि शब्द कसा वापरायचे बघ. नको असलेले केस.

यमुनाबाई: कुणाला नको असलेले?

हिमानी: तेच तर.

यमुनाबाई: बोल, बोल. तुझा आवाज लांबून आल्यासारखा येतोय. मघाशी ते दुखण्यावरचं इंजेक्शन दिलं ना, पापण्या मिटतात आपोआप.

हिमानी: मग मोठी लढाई लागली. तिकडं बायका रेशमाचे, नायलॉनचे लांब मोजे घालायच्या. ते सगळं कापड गेलं हवाई छत्र्यांना. मोजे मिळेनात. मग बायका उघड्या पायांनी फिरायला लागल्या, आणि मागून पोटरीवर पेन्सिलीनं सरळ रेघ ओढायच्या. मोज्याची शिवण वाटावी म्हणून.

यमुनाबाई: एकमेकींच्या ओढत असतील. आपली आपल्याला पोटरीवर सरळ रेघ ओढता येत नाही.

हिमानी: हे मला सुचलंच नव्हतं.

यमुनाबाई: छान दिसत असेल ते. गल्लीतल्या बायका ओसरीवर पालथ्या पडल्यात आणि एकीमागं एक रेघा चालल्यात. आणि आपल्याकडं?

हिमानी: आपल्याकडचं कुणी लिहून ठेवलेलं नाही फारसं. पण आम्ही फर्दापूरला उतरून अजिंठ्याला जातो ना चित्रं काढायला, तिथं भिंतीवरच्या एकाही बाईच्या पायावर लव नाही. दीड हजार वर्षं पाय गुळगुळीत.

यमुनाबाई: चितारी पुरुष असेल. त्याला नको असेल म्हणून त्यानं काढली नसेल. त्या बायकांना काय, भिंतीच्या आत गेल्यावर असेल त्यांची त्यांना.

हिमानी: असेल. पण लढाईनंतर मात्र सवयच लागली बघ. मोजे परत आले तरी बायका पाय भादरतच राहिल्या.

यमुनाबाई: तो शब्द नको.

हिमानी: कुठला?

यमुनाबाई: भादरणं.

हिमानी: मराठीच तर शब्द आहे. मी गमतीनं म्हटलं.

यमुनाबाई: आमच्या घरात तो शब्द एकीसाठीच होता. आत्याबाईंसाठी. माझ्या वडिलांच्या आत्या त्या. नवरा गेला तेव्हा तुझ्यापेक्षाही लहान होत्या. मी बघितलं तेव्हा म्हाताऱ्या झालेल्या, लाल लुगडं, डोक्यावरनं पदर. दर पंधरवड्याला न्हावी यायचा, मागच्या दारानं. गोठ्याशेजारी पाट मांडलेला असायचा. मोठ्या बायका तिथं थांबायच्या नाहीत, म्हणून पाण्याचा तांब्या घेऊन मला बसवायचे. कुणी कुणाशी बोलायचं नाही. नुसता त्या वस्तऱ्याचा खर्र खर्र आवाज. आणि तो माणूस तरी काय करणार, त्याची मान आत्याबाईंहून जास्त खाली असायची.

हिमानी: तू हे कधीच सांगितलं नाहीस.

यमुनाबाई: सांगण्यासारखं काय होतं? मी एकदा विचारलं त्यांना. म्हटलं, आत्याबाई, केस वाढू दिले तर काय होतं? त्यांनी जरा विचार केला. म्हणाल्या, काही होत नाही बाळ, नुसते वाढतात.

हिमानी: पण आजी, तुझं तसं नाहीये. आजोबा आहेत.

यमुनाबाई: आहेत म्हणूनच. नवरा गेला की पातं येतं. आणि आधी पातं आलं तर? आमच्याकडं सवाष्णीच्या अंगावरच्या लवेलाही पातं लागू देत नाहीत. तुझ्या बाबाच्या वेळी दवाखान्यात न्यायला टांगा दारात आला होता. तिथं बाळंतपणाआधी पात्यानं काय काय करतात ते मी ऐकलेलं होतं. नाही गेले. घरीच मोकळी झाले, तीन दिवस तकलीफ काढून. आता ह्यांच्या छातीत दोन स्प्रिंगा बसवल्यात. घरी एकटे आहेत. आणि तू म्हणतेस, पाय पुढं कर.

हिमानी: म्हणजे आजोबांसाठी तू जन्मभर पांगळी राहणार.

यमुनाबाई: हसू नकोस.

हिमानी: हसत नाहीये. पण हे खरं नसतं, आजी. मी दर आठवड्याला करते. कुणाला काय झालं?

यमुनाबाई: तुझं लग्न व्हायचंय.

हिमानी: आईचं तर झालं होतं. आई पण करायची.

यमुनाबाई: हो. करायची.

हिमानी: मग?

यमुनाबाई: मग काय झालं ते तुझ्या डोळ्यांसमोरच झालं.

हिमानी: आजी, बाबा कोरोनानं गेले.

यमुनाबाई: कोरोना सगळ्यांनाच झाला होता. मला झाला, ह्यांना झाला, तुला झाला. गेला तो एकटा. म्हातारी माणसं राहिली आणि तो गेला. मी बसून बसून शोधायची, आपल्या घरात वेगळं काय होतं. बाथरूमच्या फळीवर सुरेखाचं ते गुलाबी पातं होतं.

हिमानी: आणि एवढी वर्षं तू हे मनात धरून बसलीस?

यमुनाबाई: बोलले नाही कधी तिला. तिला काय बोलायचं? लासूर स्टेशनची, शेतकऱ्याची मुलगी. त्यांच्यात ही रीतच नव्हती. न्हावी, मागचं दार, तिला काय ठाऊक? न कळता झालं तिच्या हातून म्हणून मी गप्प राहिले.

हिमानी: मला तुझा राग येतोय. खरंच येतोय. आई रोज तुझे पाय चेपून देते.

यमुनाबाई: चेपते. मी डोळे मिटून घेते तेव्हा. तिला वाटतं मला बरं वाटतंय.

हिमानी: आणि तुला हे माहीत आहे का, बाबा गेल्यापासून तिनं ते सोडलं? एकदाही नाही केलं. मी म्हटलं, मी करून देते. तर म्हणाली, आता कशाला. तुझ्या आत्याबाईंचा नवरा गेला आणि पातं आलं. माझ्या आईचा नवरा गेला आणि पातं गेलं. पाय आपले, डोकं आपलं, आणि सगळं चाललंय ते नवरा आहे की नाही त्यावर.

यमुनाबाई: आता कशाला, म्हणाली ती?

हिमानी: हो.

यमुनाबाई: मघाशी तू खिडकीशी फोनवर बोलत होतीस तेव्हा माझा डोळा लागला होता. आत्याबाई दिसल्या. केस वाढलेले. इतके लांब की परसातल्या दोरीवर वाळत घातले होते, एका टोकापासून आडापर्यंत. आणि त्यातनं तुझी आई चालत येत होती. ओल्या लुगड्यांमधनं वाट काढावी तशी, हातानं बाजूला सारत सारत. मला हाका मारत होती. मी इथंच बसलेले, पण मला ओ देता येईना.

हिमानी: रडू नकोस ना गं.

यमुनाबाई: कुठं आहे ती?

हिमानी: खाली औषधं आणायला गेलीय. आलीच बघ.

सुरेखा: झालं का? खाली लई गर्दी. तो गुडघ्याचा पट्टा मिळाला एकदाचा. आन् हे काय, ट्रेवर टॉवेल टाकून बसलाय नुसता? जिन्यात सिस्टर भेटल्या, तुमच्या सासूबाई ऐकंनात म्हणाल्या.

यमुनाबाई: सुरेखा, इथं बस. माझ्याजवळ. बाथरूमच्या फळीवर तुझं एक गुलाबी पातं होतं.

सुरेखा: व्हतं. तेरावं झाल्यावर ते तिथं नव्हतं. तुम्ही उचललं ते मला तवाच समजलं.

हिमानी: तुला माहीत होतं?

सुरेखा: न समजायला काय? घरात माणसं किती. आई, मी कधी बोलून दाखवलं नाय, पर त्या एका गोष्टीवर मी ते वरीस काढलं.

यमुनाबाई: कुठल्या गोष्टीवर?

सुरेखा: तुमचा सोन्यासारखा लेक गेलेला. तोंडात पाण्याचा घोट ठरत नव्हता तुमच्या. आन् तशात बी तुमच्या ध्यानात आलं की ही न्हाणीत एकटी असती, हाताशी पातं हाय, ही जिवाचं काय तरी करून घेईल. खोटं नाय बोलत, आलं व्हतं माझ्या मनात. आन् त्याच दिवशी बघते तर फळी मोकळी. नळ सोडून लई रडले मी. म्हटलं, माझी एक आई तिकडं लासूरला, आन् एक हितं हाय.

हिमानी: आई, ते...

यमुनाबाई: हिमानी, तू थांब.

सुरेखा: म्हणून मंग परत आणलंच नाय. दुकानात दिसायचं. पर वाटायचं, फळीवर बघितलं की आईंचा जीव घाबरंल.

हिमानी: मला तर म्हणालीस, आता कशाला.

सुरेखा: लेकराला काय सांगायचं ते? तुझ्या बाबांना तर फरक बी कळायचा नाय. मलाच आवडायचं. उन्हाळ्यात धुतलेली चादर अंगावर घेतली की पाय गार लागायचे. लहानपणी नदीत पाय सोडून बसायचो तसं. झोप येईस्तोवर मी नुसते पाय हलवत पडायची.

यमुनाबाई: सुरेखा, ते काळजीनं नव्हतं.

सुरेखा: काय?

यमुनाबाई: पातं उचललं ते. मी तुला बोल लावला होता. सवाष्ण असून अंगाला पातं लावलं म्हणून माझा हिमांशू गेला, असं मनात धरून बसले. कागदात गुंडाळून कचऱ्याच्या गाडीत टाकलं आणि हात धुतले. तू आत काय करून घेशील, हा विचार माझ्या मनाला शिवला सुद्धा नाही. तुला वाटली ती मी नव्हते गं.

हिमानी: आई.

सुरेखा: थांब जरा.

हिमानी: पाणी देऊ?

सुरेखा: नको. त्या नळाचं गरम पाणी आण वाटीत. आन् साबण दे.

हिमानी: तू काहीतरी बोल ना तिला.

सुरेखा: काय बोलू? त्या महिन्यात मी बी ज्याला त्याला बोल लावत व्हते. आपल्या पुंडलिकनगरातल्या घराला लावला. तुझ्या आजोबांना लावला, ते भाजी आणायला बाहेर गेले म्हणून. आई, तुम्हाला बी लावला.

यमुनाबाई: मला कशापायी?

सुरेखा: तुम्ही वाचलात म्हणून.

यमुनाबाई: बरोबर आहे.

सुरेखा: बरोबर कुठलं? पर वाटलं व्हतं तसं. आन् आत्ता मला लई वाईट वाटलंय, आई. ते एक मी माझं म्हणून जपून ठेवलं व्हतं. कुणाला सांगितलं बी नव्हतं. आज सांगितलं आन् आजच गेलं ते. पाय सरळ करा.

यमुनाबाई: तू करणार?

सुरेखा: मंग कोन करणार?

यमुनाबाई: आणि ह्यांना काही झालं तर?

सुरेखा: झालं तर सुरेखानं केलं म्हणा. एक बोल लावलाच हाय, त्यात आणखी एक.

हिमानी: आई, असं नको ना बोलूस.

सुरेखा: मी रागानं नाय बोलत. उशी सारखी कर त्यांची. आई, साडी जरा वर घेते. गार लागतंय का?

यमुनाबाई: नाही. पाणी ऊन ऊन लागतंय. सुरेखा, आवाज येत नाही याचा.

सुरेखा: कशाचा?

यमुनाबाई: पात्याचा. आत्याबाईंच्या वेळी आवाज यायचा.

सुरेखा: कोन आत्याबाई?

हिमानी: मी सांगते तुला नंतर.

यमुनाबाई: ती लव कुठं जाते गं?

सुरेखा: वाटीत. पाण्यात.

यमुनाबाई: तरंगते?

सुरेखा: तरंगती की. पांढरी हाय सगळी, बारीक.

यमुनाबाई: आत्याबाईंचे केस परसात पडायचे. चिमण्या यायच्या न्यायला. मी बघितलंय, जांभळाच्या फांदीवर एक घरटं होतं, निम्मं गवताचं आणि निम्मं त्यांच्या केसांचं. पिल्लं होती आत. आत्याबाईंना दाखवलं मी. कितीतरी वेळ बघत उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, ऊब लागत असेल नाही गं त्यांना? हिमानी, त्यांना कुणी विचारलं का, नको असलेले का म्हणून?

हिमानी: नाही गं आजी. कुणी नाही विचारलं.

सुरेखा: डोळे मिटून पडा. गुडघा वाकवू नका.

यमुनाबाई: मिटत नाही. तू काम करतेस ते बघते आज.

सुरेखा: बघा. झालंच. घोट्याजवळचं राहिलंय तेवढं.

यमुनाबाई: लागलं नाही कुठं.

सुरेखा: नाय लागत. झालं.

यमुनाबाई: झालं? हिमानी, घरी फोन लाव.

हिमानी: लावते. रिंग जातेय.

यमुनाबाई: उचलला?

हिमानी: नाही अजून. कट झाला.

यमुनाबाई: परत लाव.

सुरेखा: आई, बाथरूममध्ये असतील. त्यांना ऐकू बी कमी येतं.

यमुनाबाई: मी म्हटलं होतं. मी आधीच म्हटलं होतं तुम्हाला. सुरेखा, माझा हात धर.

सुरेखा: धरलाय. इकडं बघा माझ्याकडं.

हिमानी: जातेय रिंग. हॅलो? आजोबा? कुठं होता तुम्ही? काय? नाही, अजून नाही, उद्या आहे ऑपरेशन. अहो, ऐका ना. आजी, दूध तापवत होते. फोन वाजला म्हणून बाहेर आले तर तेवढ्यात दूध उतू गेलं. भलत्या वेळी फोन करता म्हणून रागावलेत.

यमुनाबाई: रागावलेत?

हिमानी: चांगलेच. घे, बोल.

यमुनाबाई: नको. इथनंच ऐकू येतंय. गॅस बंद केला का विचार.

हिमानी: केला म्हणतात. पुसायचं फडकं कुठं आहे विचारतायत.

सुरेखा: ओट्याच्या खाली, डाव्या हाताला, सांग. आन् टॉवेल दे इकडं, पाय कोरडा करते त्यांचा.

यमुनाबाई: राहू दे जरा. सुरेखा, पाणी गरम आहे का अजून?

सुरेखा: हाय की. का हो?

यमुनाबाई: मग दुसराही करून टाक.